काट्याला तोलणारा धोंडा

भाईंदरला पश्चिमेकडे उतरून उत्तनची बस धरली, की अर्ध्या-पाऊण तासात शहर मागे पडते आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर सुकत्या बोंबलांचा वास येऊ लागतो. उत्तनला लागूनच पाली. कागदोपत्री हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेत येते, पण त्याचा दिवस अजून भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालतो. बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगलेले, वाळूत होड्या कलंडलेल्या आणि किनाऱ्यावर टोपल्यांभोवती बायकांचा गलका. असे चित्र मी पहिल्यांदा पाहिले त्याला आता बरीच वर्षे झाली.

त्या दिवशी एका मावशींनी मला जे दाखवले, त्यासाठी हा लेख. त्यांच्याकडे स्प्रिंगचा काटा होता, शाळेच्या पुस्तकात ज्याला ताणकाटा म्हणतात तो. व्यापारी सुरमई तोलून घ्यायला आला, तेव्हा मावशींनी टोपलीखालून एक गुळगुळीत धोंडा काढला आणि आधी तो आकड्याला अडकवला. मग दुसरा, त्याहून मोठा. दोन्ही वेळा काटा कुठे थांबतो ते नीट पाहिले आणि मगच मासळीला हात घातला. मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "खारी हवा आहे बाबा. स्प्रिंग आज एक सांगते, पावसाळ्यानंतर दुसरंच सांगते. धोंडा बदलत नाही." धोंड्यांचे वजन त्यांनी एका दुकानात सरकारी शिक्क्याच्या वजनांवर करून घेतले होते.

"पण दोन कशाला?" मी विचारले. त्या हसल्या. "एक किलोला खरा बोलणारा काटा पाच किलोला खोटा बोलतो कधीकधी."

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवीत होतो. आमच्या प्रयोगशाळेत पाच ताणकाटे होते आणि एकच वजन लावले तरी ते पाच उत्तरे देत. मुले विचारत, "सर, यातले खरे कुठले?" आणि मी सरासरी काढायला सांगून वेळ मारून नेत असे. मुलांच्या प्रश्नाला त्या दिवशी पालीच्या वाळूत उत्तर मिळाले. पुढे कळले, की पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले अतिसूक्ष्म बदल मोजणारे शास्त्रज्ञही जन्मभर हाच उद्योग करीत असतात. त्यांचा काटा लाखो रुपयांचा असतो आणि त्यांना धोंडा शोधायला जगभर फिरावे लागते, एवढाच फरक.

चंद्र ओढतो, काटा हलतो

भाजीवाल्याचा तराजू आणि ताणकाटा यांत एक मूलभूत भेद आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांवर पृथ्वीची ओढ सारखीच असते. उद्या ही ओढ कमी झाली, तरी तराजूला पत्ता लागणार नाही. तराजू चंद्रावर नेला तरी किलोभर कांदे किलोभरच भरतील. ताणकाट्याचे तसे नाही. त्याची स्प्रिंग खाली खेचली जाते ती ओढीमुळे. ओढ बदलली की स्प्रिंग कमीजास्त ताणली जाते. म्हणजे वजन ठाऊक असलेला एकच गोळा स्प्रिंगला कायमचा टांगून ठेवला, तर तो काटा गोळ्याला न मोजता पृथ्वीलाच मोजू लागतो. अशा यंत्राला गुरुत्वमापक म्हणतात.

ओढ मोजण्याचे एकक आहे गॅल, गॅलिलिओच्या नावावरून आलेले. मुंबईच्या परिसरात ही ओढ साधारण ९७८.६ गॅल भरते. ध्रुवांवर ती ९८३.२ आहे, विषुववृत्तावर ९७८.०. पण संशोधकांना रस असतो तो मायक्रोगॅलमध्ये, म्हणजे गॅलच्या दहा लाखाव्या भागात. एकूण ओढीच्या मानाने तो अब्जातला एक भाग झाला. साठ किलोच्या माणसाच्या वजनात एवढा फरक पडला, तर तो मिठाच्या एका कणाइतका असेल.

हा मिठाचा कण बरेच काही सांगतो. यंत्र एक सेंटीमीटर वर उचलले, तर ओढ तीन मायक्रोगॅलने कमी होते. जमिनीखाली एक मीटर जाडीचा पाण्याचा सपाट, विस्तीर्ण थर भरला, तर ती ४२ मायक्रोगॅलने वाढते. चंद्र आणि सूर्य ज्या ओढीने पालीच्या समुद्राला भरती आणतात, तीच ओढ घट्ट जमिनीवरही चालते आणि गुरुत्वमापकाचा काटा दिवसातून दोनदा वरखाली होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला हा फरक दोनशे मायक्रोगॅलच्याही पुढे जातो. उधाण आणि भांग या कोळ्यांच्या रोजच्या गोष्टी. त्या बंद खोलीतल्या यंत्रालाही कळतात. इतकेच काय, किनाऱ्याजवळ यंत्र ठेवले, तर भरतीच्या पाण्याचा भार आणि त्याची ओढ यांचीही नोंद त्यात उमटते.

आता प्रश्न येतो तो मावशींचाच. काटा हलला. तो पृथ्वी बदलली म्हणून हलला, की स्प्रिंग बदलली म्हणून?

स्प्रिंगचा थकवा

विसाव्या शतकात जगभर गाजलेला गुरुत्वमापक अमेरिकेतल्या लूसियन लाकोस्ट याने १९३० च्या दशकात शोधलेल्या खास स्प्रिंगवर उभा आहे. धातूची ही स्प्रिंग इतकी हळवी, की तिला सतत एकाच तापमानात, माणसाच्या अंगापेक्षाही अधिक उबेत, ठेवावे लागते. तरीही ती थकते. टांगलेल्या वजनाने रोज कणाकणाने लांबत जाते. या सरकण्याचा हिशेब ठेवण्यासाठी सर्वेक्षण करणारी मंडळी सकाळी एका ठाण्यावर वाचन घेतात, दिवसभर फिरतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच ठाण्यावर येतात. मधल्या काळात काटा किती सरकला ते कळते आणि तेवढे वजा करता येते. जीपला खड्ड्यात मोठा धक्का बसला, तर काटा एकदम उडी मारतो. मग तो दिवस बहुतेक वाया जातो.

हा झाला शून्याचा दोष, म्हणजे रिकामा आकडा शून्यावर न थांबणे. तो पकडायला एक धोंडा पुरतो. दुसरा दोष याहून लबाड आहे. काट्यावरचे एक घर म्हणजे नक्की किती मायक्रोगॅल, हा जो गुणक, तोच कालांतराने बदलतो. स्क्रू झिजतो, दातेरी चाके झिजतात, स्प्रिंगचा ताठरपणा बदलतो. हा गुणक ठरवण्याच्या कामाला अंशशोधन म्हणतात. कामगारांच्या आणि इंजिनिअरांच्या तोंडी शब्द असतो कॅलिब्रेशन. त्यासाठी मोठा धोंडाही लागतो. जिथली ओढ आधीच नेमकी ठाऊक आहे अशा दोन ठिकाणी यंत्र न्यायचे, एक सखल आणि एक उंच, आणि यंत्र तेवढाच फरक दाखवते का ते पाहायचे.

यात चूक झाली तर काय होते, याचा हिशेब आपल्याच मुलखातला घेऊ. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला गेलो, तर साधारण सहाशे मीटरांचा चढ होतो. एवढ्या चढाने ओढ सुमारे एक लाख वीस हजार मायक्रोगॅलने कमी होते. गुणकात दहा हजारात एक एवढीच चूक असली, तरी घाटमाथ्यावरच्या वाचनात १२ मायक्रोगॅलची चूक शिरते. हे म्हणजे जमिनीखाली जवळजवळ फूटभर जाडीचा पाण्याचा थर नसताना असल्याचा भास.

कोयनेच्या बाबतीत असा भास परवडणारा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणामुळे चेतलेल्या भूकंपांत जगात ज्याचे नाव पहिल्यांदा निघते तो हा. कोयनेच्या जलाशयात १०५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ तीन अब्ज टन पाणी मावते आणि ते दरवर्षी पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात उतरते. त्यातले काही खडकांच्या भेगांतून खोल मुरते आणि तिथल्या दाबांचा तोल बदलते, असे मानले जाते. तिथल्या जमिनीचे पोट कळावे म्हणून कराडजवळ केंद्र सरकारने भूभौतिकी प्रयोगशाळा उभारली आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोलीचे चाचणीचे छिद्र २०१७ मध्ये पुरे झाले. अशा ठिकाणी ओढीतला बदल मोजायचा, तर आज जे बारा मायक्रोगॅल दिसले ते पाण्याचे, की झिजलेल्या स्क्रूचे, हे छातीठोकपणे सांगता आले पाहिजे.

यातली गंमत अशी, की गुणक थोडा चुकीचा असला तरी एक वेळ चालते. दरवर्षी तोच चुकीचा गुणक वापरला, तर एका वर्षातून दुसरे वजा करताना चूक आपोआप निघून जाते. पण तो गुपचूप बदलत गेला, तर यंत्राचे म्हातारपण पृथ्वीच्या माथी मारले जाते. म्हणून या धंद्यात अचूकपणाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, किंमत स्थिरपणाला आहे.

न बदलणारे लंबक

स्प्रिंगच्या आधी हे काम लंबक करीत. आपल्या देशातली ती कथा चटका लावणारी आहे. भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले कॅप्टन जेम्स बसेव्ही यांनी १८६५ पासून दोन पितळी लंबक घेऊन देशभर निरीक्षणे सुरू केली. या लंबकांचे इंग्रजी नाव मराठीत आणायचे तर 'अविकारी लंबक' म्हणावे लागेल, म्हणजे ज्यात बदल होत नाही तो. हिमालयापलीकडे लडाखात उंचावरच्या विरळ हवेत आणि थंडीत काम करीत असतानाच १८७१ च्या जुलैत बसेव्ही वारले. उरलेले काम हेवीसाइड या अधिकाऱ्याने पुरे केले. मुंबईचा कुलाबाही या लंबकांच्या ठाण्यांत आहे.

नाव अविकारी असले तरी त्या नावावर कोणी विसंबले नाही. भारतात येण्यापूर्वी हे लंबक लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत झुलवून पाहिले होते. काम संपल्यावर ते परत क्यूला नेऊन पुन्हा झुलवले. प्रवासात त्यांची चाल बदलली का, हे पाहण्यासाठी. पालीच्या मावशी मासळीआधी धोंडा तोलत, या मंडळींनी आधीही तोलला आणि नंतरही. पण त्याच दशकात चार्ल्स पर्स या अमेरिकी विद्वानाने दाखवून दिले, की झुलणारा लंबक आपल्याबरोबर स्वतःच्या तिवईलाही किंचित झुलवतो आणि त्यामुळे वेळ चुकतो. म्हणजे लंबक न बदलताही मोजमाप फसू शकते.

याहून मोठी फसगत पुढे झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या पॉट्सडॅम येथे लंबकांनी ओढीचे अत्यंत काळजीपूर्वक मोजमाप झाले आणि १९०९ पासून साऱ्या जगाने तो आकडा प्रमाण मानला. बाकी सगळीकडची ओढ या एका आकड्याशी जोडून सांगितली जाई. पुढे पदार्थ खाली पडू देऊन थेट मोजण्याच्या पद्धती आल्या, तेव्हा कळले की मूळ आकडाच सुमारे १४ हजार मायक्रोगॅलने जास्त होता. १९७१ च्या नव्या जागतिक जाळ्यात तो सुधारला. साठ वर्षे जगाचा धोंडाच थोडा जड होता. सगळेच त्याच्याशी जुळवून घेत असल्याने फरक लक्षात यायला इतका काळ लागला.

आमच्या मुंबईच्या वेधशाळेने हा धडा वेगळ्या क्षेत्रात वेळीच गिरवला होता. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून ते काम अलिबागला हलवले. पण जुने ठाणे लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. जुन्याचा हात नव्याच्या हातात दिला आणि मगच जुन्याला निरोप. म्हणूनच कुलाबा आणि अलिबाग यांची मालिका आज एकसंध मानली जाते.

धोंड्यांची पंगत

आजचा सर्वांत स्थिर गुरुत्वमापक स्प्रिंग वापरतच नाही. नायोबियम धातूचा लहानसा पोकळ गोळा द्रवरूप हेलियमच्या भयंकर थंडीत चुंबकीय क्षेत्रावर तरंगत ठेवतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत या कल्पनेचा जन्म झाला. तिथे झिजायला स्क्रू नाही आणि थकायला धातूची स्प्रिंग नाही. वर्षाकाठी तो फार तर काही मायक्रोगॅल सरकतो. आपल्याकडे उत्तराखंडात घुट्टू येथे वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने भूकंपाच्या पूर्वखुणा शोधण्यासाठी असे यंत्र २००७ मध्ये बसवले. तिथे सर्वांत आधी उलगडा करावा लागला तो पावसाच्या मुरणाऱ्या पाण्याचा.

पण या यंत्राची एक अडचण आहे. ते मायक्रोगॅलमध्ये बोलत नाही, विजेच्या व्होल्टमध्ये बोलते. एक व्होल्ट म्हणजे किती मायक्रोगॅल, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागते. ते सांगते 'निरपेक्ष' गुरुत्वमापक नावाचे यंत्र. त्यात निर्वात नळीत एक लहान आरसा वीसेक सेंटीमीटर खाली पडू देतात. किती पडला ते लेसर मोजतो, किती वेळात ते आण्विक घड्याळ. ही दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून काही दिवस चालवायची. तेवढ्या दिवसांत चंद्र-सूर्य ओढीला वरखाली करतात. एक यंत्र तो चढउतार मायक्रोगॅलमध्ये सांगते, दुसरे व्होल्टमध्ये. दोन्ही रेघा एकमेकींवर बसवल्या, की गुणक मिळाला. इथे धोंड्याचे काम चक्क चंद्र करतो, आणि तो रोज ठरल्या वेळी हजर असतो. पुढच्या वर्षी पुन्हा हेच करून गुणक तोच आहे ना, हे पाहायचे.

मग निरपेक्ष यंत्राला कोण तपासते? त्यांची पंगत बसते. १९८१ पासून पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयात देशोदेशीची यंत्रे काही वर्षांच्या अंतराने एकत्र आणून शेजारी शेजारी चालवली जात. नंतर हा मेळा २०१३ मध्ये लक्झेंबर्गला आणि २०१७ मध्ये बीजिंगला भरला. कोणा एकाला राजा मानायचे नाही. सगळ्यांनी एकाच जागी मोजायचे आणि कोण किती बाजूला पडतो ते उघड मांडायचे. पॉट्सडॅमच्या ठेचेने आलेले हे शहाणपण आहे.

त्याच सेव्रमध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल १८८९ पासून साऱ्या जगाचा किलो होता. त्याचीच एक प्रत, ५७ क्रमांकाची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांनी मूळ दंडगोल आणि प्रती यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला. मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगायची सोय नव्हती, कारण व्याख्येनेच मूळ दंडगोल चुकू शकत नव्हता. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या निसर्गाच्या एका स्थिरांकाशी बांधली. ती प्रत्यक्षात आणणाऱ्या खास तराजूला मात्र त्या खोलीतली पृथ्वीची ओढ काही मायक्रोगॅलपर्यंत ठाऊक असावी लागते. म्हणजे मावशींच्या सुरमईच्या किलोमागेही कुठेतरी एक गुरुत्वमापक उभा आहे.

समुद्र की जमीन?

हे सगळे पालीच्या माणसाने कशाला ऐकावे? तर त्याच्या दारातल्या समुद्रासाठी. जुनी माणसे हात लांब करून दाखवतात, की पूर्वी पाणी तिथवर असायचे, आता इथवर येते. वाळू वाहून गेली, हे एक कारण असेल. समुद्राची पातळी वाढते आहे, हेही खरे. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापकाची नोंद आहे. हिंदी महासागराच्या काठी इतकी जुनी नोंद क्वचितच सापडेल. त्या नोंदीनुसार विसाव्या शतकात पाणी वर्षाला एक मिलीमीटरच्या आसपास चढत होते.

पण भरतीमापक जमिनीवर उभा असतो. पाणी वर आले तरी आकडा वाढतो आणि जमीन खाली गेली तरी वाढतो. तो एकटा यातला फरक सांगू शकत नाही. त्यासाठी उपग्रहांच्या मदतीने जमिनीची उंची मोजतात, आणि दुसरा साक्षीदार असतो गुरुत्वमापक. जमीन खाली गेली, की ओढ वाढते. वर्षाला एक मिलीमीटर या वेगाने दहा वर्षांत जमीन एक सेंटीमीटर खचली, तर ओढीत दोन-तीन मायक्रोगॅल पडतील. आजच्या उत्तम निरपेक्ष यंत्राची खात्रीची मर्यादाही जवळजवळ तेवढीच, दोनेक मायक्रोगॅल. म्हणजे दहा वर्षे इमानाने मोजल्यावर कुठे कुजबुज ऐकू येणार आणि स्पष्ट शब्द ऐकायला वीस-तीस वर्षे लागणार. मोजायला सुरुवात करणारा माणूस बहुधा निवृत्त झालेला असेल, यंत्रही बदललेले असेल. तेव्हाचा एक मायक्रोगॅल आणि आजचा एक मायक्रोगॅल सारखाच होता, याची लेखी हमी मधल्या प्रत्येक वर्षाने दिलेली असली, तरच त्या उत्तराला अर्थ.

या कामात कोणाचे नाव होत नाही. नवा शोध लावणाऱ्याचा फोटो छापून येतो, पण दर वर्षी त्याच ठाण्यावर जाऊन, तोच गुणक पुन्हा काढून, 'बदल नाही' असे वहीत लिहिणाऱ्याचा येत नाही. खर्चाला कात्री लागते तीही बहुधा इथेच, कारण ज्यातून 'बदल नाही' एवढेच निघते ते काम निरुपयोगी वाटते. पण एखाद्या वर्षी 'बदल झाला' असे म्हणायची हिंमत येते, ती आधीच्या या कंटाळवाण्या ओळींतूनच. किनारा वाचवायला भिंत बांधायची, की घरे मागे न्यायची, असले निर्णय उद्या अशाच आकड्यांवर होणार आहेत.

परवा पुन्हा पालीला गेलो होतो. आता बऱ्याच जणींकडे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, लाल आकडे चमकवणारे. ओहोटी लागली होती. एका मुलीने काटा मांडला, चालू केला आणि मासळी ठेवण्याआधी पाण्याची भरलेली बाटली त्यावर ठेवून आकडा पाहिला. मी विचारले, "धोंडा कुठे गेला?"

"आजीचा ना? तो घरी आहे. देव्हाऱ्याजवळच ठेवलाय. महिन्यातून एकदा बाटलीलाच त्याच्याशी तोलून बघते."